ड्रॅग रेसमध्ये गाडी सुटताना: पहिल्या ६० फुटांचं सेटअप, नवशिक्यांसाठी

ड्रॅग रेसचा ट्रॅक पाव मैलाचा, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. रन संपल्यावर हातात टाइमस्लिप पडते, तेव्हा नवीन माणूस आधी शेवटचा वेळ आणि वेग बघतो. जुना खेळाडू बघतो ६० फुटांचा आकडा. रेषेवरून सुटल्यावर पहिले ६० फूट, म्हणजे जेमतेम १८ मीटर, गाडीने किती वेळात कापले ते तिथे लिहिलेलं असतं. इथे सेकंदाचा एक दशांश वाचवलात, तर शेवटच्या रेषेपर्यंत त्याचे साधारण दीड ते दोन दशांश होतात. तेवढाच फरक इंजिनातून काढायचा तर कॅम, हेड, टर्बो करत खिसा रिकामा होतो. सेटअपला लागतं एक चांगलं प्रेशर गेज, रोजचे पाने, जॅक-स्टँड आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत डेट्रॉइटच्या आसपास, ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स भागात वाहन उद्योगात नोकरी करणारी आपली मंडळी. कुणीतरी हौसेने जुनी मस्टँग घेतं आणि टेस्ट-अँड-ट्यूनच्या, म्हणजे शर्यतीविना नुसत्या सरावाच्या, संध्याकाळी जवळच्या ट्रॅकवर किंवा ओहायोत नॉरवॉकला जातं. म्हणून उदाहरणाला गाडी घेतली आहे १९८७ ते १९९३ मधली, ५ लिटर व्ही-८ ची फॉक्स बॉडी मस्टँग. मागे सलग अ‍ॅक्सल, त्याला धरून ठेवणारे चार आर्म, कॉइल स्प्रिंग. सुटे भाग मुबलक आणि सगळं हाताने बदलता येण्यासारखं. मागची चाकं ओढणाऱ्या इतर गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांबद्दल शेवटी लिहिलंय.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर एकच प्रश्न विचारत राहायचं आहे: टायर सुटला, म्हणजे पकड सोडून जागीच फिरला, तर नेमका कधी सुटला? रेषेवर झटका बसताच, की पंधरा-वीस फूट गेल्यावर? दोन्हीचा ६० फुटांचा आकडा सारखाच वाईट येऊ शकतो, पण उपाय अगदी उलटे आहेत. बहुतेक नवीन लोक हा फरक न बघताच पाना उचलतात आणि संध्याकाळ वाया घालवतात.

आधी गाडी तपासा

सेटअपला हात लावण्याआधी ढिलं काय आहे ते शोधा. मागच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, फाटलेले असतील, शॉकमधून तेल गळत असेल, तर कुठलाही बदल दोनदा सारखा निकाल देणार नाही. चारही आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने बघून घ्या. ८.८ इंची अ‍ॅक्सलमधल्या लिमिटेड-स्लिपच्या, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या, क्लच प्लेट्स झिजल्या असतील तर ते बर्नआउटमध्येच, म्हणजे रनआधी मागची चाकं जागीच फिरवून टायर तापवतानाच, कळतं: मागे दोन काळे पट्टे उमटायला हवेत. एकच उमटला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डिफरन्शियल उघडा.

सुरक्षेचे नियमही इथेच बघून घ्या. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांप्रमाणे पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर जाणाऱ्या गाडीला हेल्मेट सक्तीचं आहे. छप्पर असलेली जुनी गाडी ११.४९ किंवा त्याहून लवकर गेली की रोल बार लागतो. बॅटरी डिकीत हलवली असेल तर बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच हवा. आणखी एक सांगायला हवं. ग्रिप वाढली की आजवर टायर घसरून वाया जाणारा जोर थेट गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलवर येतो. मूळ टी-५ गिअरबॉक्सला स्लिक (ट्रॅकसाठीचे, बिनखाचांचे) टायर लावून वरच्या आरपीएमवर क्लच झटक्याने सोडण्याचा मार सोसवत नाही. ट्रॅकवर स्लिक लावायचे तर ड्राइव्हशाफ्ट लूप बसवूनच. शाफ्टचा पुढचा जॉइंट तुटला तर तो खाली जमिनीत रुतू नये म्हणून ती पट्टी असते.

मोजायचं कसं

टाइमस्लिपवर ६० फूट, ३३० फूट, अर्धा टप्पा म्हणजे ६६० फूट, १,००० फूट आणि शेवट असे आकडे येतात. समजा, पहिल्या रनमध्ये ६० फूट १.९८ आणि शेवट १३.१० सेकंद, वेग ताशी १०६ मैल. पुढच्या रनमध्ये ६० फूट १.८० आणि शेवट १२.८२, वेग तोच १०६. वेग हलला नाही म्हणजे इंजिनाने काही वेगळं केलेलं नाही, सगळा फायदा सुटण्यातला आहे. वेग आणि वेळ दोन्ही बदलले तर हवामान, इंजिनाचं तापमान किंवा गिअर बदलताना झालेली गडबडही हिशेबात घ्यायला हवी.

आकड्याइतकाच महत्त्वाचा व्हिडिओ. बरोबरच्या मित्राला फोन देऊन स्लो मोशनमध्ये, मागचं चाक आणि पुढचं चाक दोन्ही चौकटीत येतील असा बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगा. प्रेक्षकांची जागा जिथे असेल तिथून, झूम करून. मागच्या टायरच्या कडेवर पांढऱ्या शू पॉलिशने एक जाड रेघ मारा, रिमवर तिच्या समोरच दुसरी. नंतर एक-एक फ्रेम पुढे सरकवत बघा. रेघ फिरू लागली तेव्हा गाडी तेवढीच पुढे गेली का? टायरची भिंत दबून तिच्यावर सुरकुत्या पडल्या का? त्या सुरकुत्या किती वेळ टिकल्या? मागची बॉडी खाली बसली की टायरपासून वर उचलली गेली? चांगल्या लाँचमध्ये पहिल्या पाव फेरीतच स्लिकच्या भिंतीवर तिरप्या घड्या पडताना दिसतात, टायर जमिनीकडे चपटा होतो आणि रिमवरची रेघ टायरवरच्या रेघेच्या किंचित पुढे निघून जाते. रबर पिळलं जातंय, घसरत नाहीये. नेहमी हेच चित्र शोधायचं.

टायर आणि हवा

सुरुवात इथूनच करा. शॉक आणि आर्मच्या नादाला लागण्याआधी हवेच्या दाबात मिळण्यासारखं सगळं मिळवून घ्या.

दोन जातींचे टायर भेटतील. बायस-प्लाय स्लिकची भिंत मऊ असते, तो पिळला जातो, थोडा घसरला तरी सावरतो. ड्रॅग रेडियलची भिंत कडक, तो एकदा सुटला की परत पकडणं कठीण. म्हणून रेडियलवाल्या गाडीला सुटतानाचा झटका थोडा सौम्य ठेवावा लागतो. नवशिक्याने स्लिक घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो चुका माफ करतो आणि त्याच्या भिंतीवर काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. फक्त रस्त्यावर चालवायला तो नाही. तो घरून घेऊन जायचा आणि ट्रॅकवर चढवायचा.

सुमारे ३,२०० पौंडांच्या मस्टँगला २६ इंची स्लिक असेल तर १४ पौंड हवेपासून सुरुवात करा, ड्रॅग रेडियल असेल तर १८ पासून. दोन्ही मागच्या टायरांचा घेर टेपने मोजा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे असले तरी थोडा फरक निघतो आणि त्याने गाडी एका बाजूला ओढते. गेज शून्य ते तीस पौंडांचं घ्या. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या गेजवर अर्धा पौंड दिसतच नाही. हवा दर रनच्या आधी, बर्नआउटच्या रांगेत उभं असताना तपासा. उन्हात उभ्या गाडीच्या सूर्याकडच्या टायरची हवा दुसऱ्यापेक्षा वाढलेली असते, तीही सारखी करा.

मग एकेक पौंड कमी करत जा. ६० फूट सुधारतंय तोवर कमी करा, उलटं फिरलं की अर्धा पौंड वाढवून तिथेच थांबा. फार कमी हवा असेल तर टायरच्या दोन्ही कडा घासल्या जातात आणि मधलं रबर कोरं राहतं, शिवाय शेवटच्या टप्प्यात ताशी १०० मैलांवर गाडीचं शेपूट डुलायला लागतं. तसं जाणवलं तर ६० फुटांचा आकडा कितीही छान असो, हवा वाढवा. फार जास्त हवेत उलटं होतं, फक्त मधला पट्टा घासला जातो. पुढच्या टायरांत मात्र भरपूर हवा ठेवा, ३५ ते ४० पौंड, म्हणजे ते सहज गडगडतात.

बर्नआउट

बर्नआउट धूर दाखवण्यासाठी नसतो. त्याने टायरवरची धूळ, खडे निघतात आणि रबराचा वरचा थर तापून चिकट होतो. पुढे साधे, खाचांचे टायर असतील तर पाण्याच्या खड्ड्यातून गाडी सरळ नेऊ नका. बाजूने पुढे जाऊन मग मागे घ्या, नाहीतर पुढच्या खाचांतलं पाणी थेट सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं आणि तुमच्यामागच्या सगळ्यांची ग्रिप जाते. मागची चाकं पाण्याच्या पुढच्या काठावर येऊ द्या, लाइन-लॉकने पुढचे ब्रेक धरा, दुसऱ्या गिअरमध्ये चाकं फिरवा. स्लिकला धुराचा पहिला दाट लोट निघेपर्यंत, रेडियलला त्याहून बराच कमी. मग लाइन-लॉक सोडून गाडी हळूच बाहेर काढा. प्रत्येक वेळी तेवढाच बर्नआउट करा. एकदा तीन सेकंद आणि एकदा सात केलात, तर मधे बदललेल्या हवेचा परिणाम काय झाला ते कळणारच नाही.

रेषेवर उभं राहणं

रेषेवर दोन प्रकाशकिरण असतात, त्यांच्यात सात इंचांचं अंतर. पुढचं चाक पहिला किरण तोडतं तेव्हा प्री-स्टेजचा दिवा लागतो, दुसरा तोडतं तेव्हा स्टेजचा. घड्याळ मात्र चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. म्हणून स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबलात, तर घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला जवळजवळ फूटभर मोकळी धाव मिळते आणि ६० फूट चांगलं दिसतं. आणखी आत सरकलात तर रिअ‍ॅक्शनचा वेळ (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा) सुधारतो, पण ६० फूट आणि शेवटचा वेळ दोन्ही वाढतात. सेटअप तपासताना प्रत्येक वेळी एकाच खोलीवर थांबा, इंचाच्या फरकानेही आकडा हलतो.

वजन मागे जाणं: खरं काय आणि दिखाऊ काय

एसटी सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तसंच गाडीचं वजन सुटताना मागच्या चाकांवर जातं. किती जातं हे ठरवणाऱ्या गोष्टी चारच: गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर आणि प्रत्यक्ष मिळालेलं त्वरण. १.७ सेकंदांचं ६० फूट म्हणजे, ती फूटभराची मोकळी धाव धरून, सरासरी जवळजवळ १ जी, गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण. मस्टँगचा व्हीलबेस १००.५ इंच. गुरुत्वमध्य २० इंचांवर धरला तर ३,२०० पौंडांतले सुमारे ६४० पौंड पुढून मागे येतात. या गणितात स्प्रिंग कुठेच नाही.

हे नीट पटवून घ्यावं, कारण नाक जितकं वर तितकं लाँच चांगलं, असा समज फार पसरलेला आहे. नाक वर जाणं हा वजन सरकण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. मऊ स्प्रिंग आणि शॉक वजन किती जाईल ते ठरवत नाहीत, ते किती लवकर आणि किती सलग जाईल ते ठरवतात. पण तो वेळच इथे सगळं ठरवतो, म्हणून पुढच्या बाजूकडे लक्ष द्यायचं.

पुढचा शॉक उघडताना मऊ आणि दबताना कडक हवा. जुन्या काळापासून मिळणारे ‘९०/१०’ शॉक हेच करतात: नाक पटकन उचललं जातं आणि सावकाश खाली येतं. हाताने जुळवता येणारे शॉक असतील तर उघडण्याची बाजू सगळ्यात मऊ करून सुरुवात करा. व्हिडिओत पुढची चाकं लटकून सस्पेन्शन टोकाला जाऊन आदळताना दिसलं, आणि नेमकं त्याच क्षणी मागचा टायर सुटला, तर उघडणं एक-दोन क्लिक कडक करा. आदळण्याने मागच्या टायरवर आलेला भार क्षणात उडतो.

पुढच्या अँटी-रोल बारची (गाडीचं एका बाजूला झुकणं रोखणाऱ्या, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) टोकं ट्रॅकवर सोडून ठेवणं हा फुकटचा फायदा आहे. त्याचं कारण पुढच्याच भागात येतं.

मागची बाजू: चार आर्म आणि उजवं चाक

इथे जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त वेळ इथलाच मिळतो आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो.

चाकं पुढे फिरतात तेव्हा अ‍ॅक्सलचं घर उलट, म्हणजे तोंड वर करून फिरायला बघतं. खालचे आर्म बॉडीला पुढे ढकलतात, वरचे मागे ओढतात. बाजूने बघताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे भेटतात तो इन्स्टंट सेंटर. जणू सगळा जोर त्या बिंदूवर बॉडीला लावला जातो. आता मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून पुढच्या अ‍ॅक्सलच्या सरळ वर, गुरुत्वमध्याच्या उंचीपर्यंत एक रेघ काढा. इन्स्टंट सेंटर त्या रेघेवर असेल तर मागची बॉडी ना बसते ना उचलते. रेघेच्या वर असेल तर बॉडी उचलते आणि टायर खाली दाबला जातो. खाली असेल तर मागची बाजू बसते. बिंदू उंच आणि मागे असेल तर टायरवर झटका जोरात आणि लगेच बसतो. खाली आणि पुढे असेल तर सौम्य.

मूळ मस्टँग मागे बसते, आणि दिसायला छान म्हणून ती खाली केली असेल तर अधिकच. उपाय म्हणजे खालच्या आर्मचं मागचं टोक अ‍ॅक्सलवर खाली नेणारे ब्रॅकेट. मागचं टोक खाली गेलं की आर्म पुढच्या बाजूला चढता होतो आणि इन्स्टंट सेंटर वर येतो. ब्रॅकेटला दोन-तीन भोकं असतात. सुरुवात वरच्या भोकापासून करा, खालचं जास्त झटका देतं. सोबत खालचे आर्म पेटीसारखे बंद किंवा नळीचे घ्या, मूळचे पत्र्याचे वाकतात. वरच्या आर्मला मात्र कडक पॉलियुरेथेन बुश घालू नका. फॉक्समध्ये वरचे आर्म तिरके बसवलेले असतात, अ‍ॅक्सल एका बाजूला झुकताना त्यांना वळायला जागा लागते. कडक बुश ती जागा देत नाही, सस्पेन्शन अडकतं आणि ग्रिप अचानक जाते. अ‍ॅक्सलजवळ आडवे बसवलेले दोन छोटे शॉक फोर्डने चाकांच्या उड्या थांबवायला दिले होते. चांगले आर्म बसवल्यावर ते बऱ्याचदा लागत नाहीत, पण मूळ आर्म असतील तर काढू नका.

पिनियनचं, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो त्या गिअरचं, तोंड सुटताना वर जातं, म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या रेषेपेक्षा थोडं खाली ठेवतात. कडक आर्म असतील तर १ ते २ अंश, रबरी बुश असतील तर थोडं जास्त. जोर लागल्यावर पिनियन आणि शाफ्ट एका रेषेत यावेत हा हेतू.

आता उजवं चाक. मागून पाहिलं तर ड्राइव्हशाफ्ट घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. तो अ‍ॅक्सलला त्याच दिशेने पिळतो: डावं मागचं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं उचललं जातं. त्याच वेळी बॉडी उलट बाजूला, उजवीकडे झुकते आणि उजव्या स्प्रिंगवर भार टाकते. हा सगळा झुकाव मागच्याच स्प्रिंगांनी पेलला असता, तर उजवीकडे गेलेलं वजन परत आलं असतं. पण पुढचे स्प्रिंग आणि पुढचा अँटी-रोल बार त्यातला वाटा घेतात, म्हणून उजवं मागचं चाक हलकंच राहतं. पुढच्या बारची टोकं सोडायची ती यासाठी: पुढचा वाटा कमी झाला की तो मागे येतो.

लक्षण सोपं आहे. सुटताना गाडी उजवीकडे सरकत असेल, तर डावा टायर जास्त ढकलतोय. उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी बसवा. दोन्ही बाजूंना बसवली तर उत्तम: डावीत ५ पौंड, उजवीत १२ ते १५ पासून सुरुवात, मग दोन-दोन पौंडांनी. गाडी सरळ सुटली की थांबा. डावीकडे जाऊ लागली तर जास्त झालं. ड्रॅगसाठी बनवलेला मागचा अँटी-रोल बार हेच काम अधिक नेटकेपणाने करतो, पण तो वेल्डिंगचा मामला आहे. पिशवीने काम भागतं तोवर भागवा.

मागचे शॉक: कधी सुटला, त्याप्रमाणे

आता तो पहिला प्रश्न. व्हिडिओ समोर ठेवा.

झटका बसताच टायर सुटला आणि भिंतीवर सुरकुती पडलीच नाही, मागची बाजू नुसती बसली: टायरवर भार वेळेवर पोचलाच नाही. मागच्या शॉकचं उघडणं मऊ करा, म्हणजे बॉडी टायरपासून लवकर उचलेल आणि टायर दाबला जाईल. पुरेना तर ब्रॅकेटचं खालचं भोक घ्या.

आधी सुरकुत्या खोल पडल्या, टायर चपटा झाला, मग चेंडूसारखा परत फुगला आणि तिथेच सुटला: झटका फार जोरात बसला. मागच्या शॉकचं उघडणं कडक करा. दोन क्लिक एका वेळी. रेडियल टायरवर हे वारंवार दिसतं.

दहा-बारा फूट छान पकडलं आणि नंतर सुटलं: मागची बॉडी वर जाऊन परत खाली आली का ते बघा. खाली येताना टायरवरचा भार हलतो, तेव्हा मागच्या शॉकचं दबणं कडक करा. नाक वेगाने खाली येत असेल तर पुढच्या शॉकचं दबणं कडक करा.

आरपीएम आणि क्लच

क्लचच्या गाडीत स्लिकवर ३,५०० आरपीएमपासून सुरुवात करा, पाचशेने वाढवा. साध्या रस्त्याच्या टायरवर २,००० ते २,५०० आणि क्लच हळूच सोडायचा. टायर अजिबात न सुटता इंजिन गुदमरलं, आरपीएमचा काटा दाणकन खाली आला, तर त्याला ग्रिप समजून खूश होऊ नका. आरपीएम वाढवा. टू-स्टेप लिमिटर (रेषेवर आरपीएम ठरलेल्या आकड्यावर रोखणारं यंत्र) लावला की प्रत्येक वेळी तोच आरपीएम मिळतो आणि तुमचा पाय हिशेबातून बाहेर पडतो. ऑटोमॅटिकमध्ये मागचे ब्रेक जेवढ्या आरपीएमला गाडी धरून ठेवतात तेवढीच मर्यादा, त्यावर टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी धरलेली असताना इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते, ठरवायचा.

ट्रॅकवरचा क्रम

पहिला रन काहीही न बदलता, निव्वळ आधार म्हणून. दुसराही तसाच. दोघांत ६० फुटांचा फरक तीन-चार शतांशांपेक्षा जास्त असेल, तर आधी बर्नआउट, स्टेजिंग आणि क्लच यांत सातत्य आणा. सेटअप बदलून तो फरक भरून निघणार नाही. मग हवा. मग आरपीएम. मग उजवीकडची पिशवी. मग शॉक. ब्रॅकेटची भोकं सर्वांत शेवटी, तेही शक्यतो घरी.

वहीत प्रत्येक रनला तारीख, वेळ, हवेचे चारही आकडे, शॉकच्या क्लिक, आरपीएम, कुठली लेन, ऊन होतं की सावली, एवढं लिहा. दुपारी उन्हाने ट्रॅक तेलकट होतो, रात्री तोच वेगळा वागतो. दुपारचा सुधार रात्री टिकला नाही तर घाबरून सगळं उलटं करू नका. आधी वहीत ट्रॅकचं काय लिहिलंय ते बघा.

पुढची चाकं ओढणारी गाडी

भारतात ड्रॅगच्या स्पर्धा बऱ्याचदा विमानांच्या धावपट्टीवर झाल्या आहेत, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची धावपट्टी त्यांपैकीच. तिथे भेटणाऱ्या पोलो, ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत गणित उलटं होतं: वजन ओढणाऱ्या चाकांवरून निघून जातं. म्हणून मागची बाजू बसू द्यायची नाही. मागचे स्प्रिंग कडक, मागच्या शॉकचं दबणं कडक, पुढच्या शॉकचं उघडणं कडक. मागच्या टायरांत हवा जास्त, पुढच्यांत रोजच्यापेक्षा थोडी कमी, एकेक पौंडाने. डिकीतलं सामान आणि स्टेपनी काढा, पुढचं वजन तसंच राहू द्या. आरपीएम कमी ठेवून सुटा, टर्बोचा दाब दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण येऊ द्या. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल हा इथला सर्वांत मोलाचा भाग.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर रात्री हे करून बघायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्याने तुमच्या प्रयोगाला संमती दिलेली नसते. मोटारस्पोर्ट संघटनेची मान्यता असलेला कार्यक्रम बघा, नाव नोंदवा, गाडी तपासून घ्या.

घरी निघण्यापूर्वी

स्लिक उतरवून रस्त्याचे टायर चढवा आणि त्यांत रोजची हवा भरा. पुढच्या अँटी-रोल बारची टोकं परत जोडा. ती सुटी असतील तर हमरस्त्यावर अचानक लेन बदलताना गाडी भलतीच झुकते. पुढच्या शॉकचं उघडणं रस्त्याच्या क्लिकवर आणा, उजव्या पिशवीतली हवा डावीइतकी करा. चाकांचे नट टॉर्क रेंचने एकदा बघा, आणि पन्नासेक मैल गेल्यावर पुन्हा एकदा.